बोंडकाठी : न मारता कुत्र्याला शिकवायची काठी

कुत्रा हा इमानदार प्राणी आहे, असे आपण निबंधात लिहितो. त्याला चार पाय, दोन कान व एक शेपूट असते, हेही लिहितो. पण त्याला शिकवावे कसे, हे निबंधात कोणीच लिहीत नाही. म्हणून मी या अंकात ती माहिती देत आहे. ही माहिती मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, गुरुजींना विचारून आणि घरी आमच्या मोतीला शिकवून लिहिली आहे.

कुत्रा काठीला का भितो?

आपल्या गावात कोणी नुसता काठी उचलायला वाकला तरी कुत्रे पळते. काठी लागायच्या आधीच पळते. का बरे? कारण काठी म्हणजे मार, हे ते शिकलेले असते. त्याला कोणी शाळेत घातले नव्हते, तरी ते शिकले. म्हणजे कुत्र्याला शिकता येते, हे यावरून सिद्ध होते.

आता विचार करा. काठी दिसली की मार मिळतो, म्हणून कुत्रे दूर पळते. मग काठी दिसली की भाकर मिळते असे झाले, तर ते काय करेल? जवळ येईल! एवढीच या विद्येची युक्ती आहे. बाकी सगळे सरावाचे काम आहे.

बैलाला हाकलायला तुतारी असते. तिच्या टोकाला आर असते, ती टोचते. आमच्या काठीच्या टोकाला आर नसते, तर कापसाचा बोळा असतो. तो दिसतो बोंडासारखा. म्हणून आम्ही तिचे नाव बोंडकाठी ठेवले. इंग्रजीत तिला टार्गेट स्टिक म्हणतात, असे गुरुजींनी सांगितले. टार्गेट म्हणजे नेम. कुत्र्याने आपल्या नाकाचा नेम त्या बोंडावर धरायचा असतो.

आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधीजी तिथे १९३६ साली राहायला आले. त्यांच्याही हातात काठी होती. पण ती चालताना टेकायला होती, कोणाला मारायला नव्हती. तसेच बोंडकाठीचे आहे.

साहित्य

१) तुऱ्हाटी : एक सरळ, दीड हात लांब. साल काढून गुळगुळीत करावी. पऱ्हाटी वाकडी असते, म्हणून ती नको.
२) सरकी काढलेला कापूस, लिंबाएवढा.
३) निळी किंवा पिवळी चिंधी. लाल नको. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला ओळखू येतो. लाल आणि हिरवा त्याला वेगळे दिसत नाहीत.
४) दोरा. बोळा काठीच्या टोकावर ठेवून चिंधी गच्च बांधावी. ढिली राहिली तर कुत्रा ओढून गिळेल.
५) टिक् वाजणारा बॉलपेन. नसेल तर जिभेने टाळूवर ‘टक्’ वाजवावे. पण रोज एकच आवाज ठेवावा.
६) खाऊ : ज्वारीच्या भाकरीचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. पाव भाकरीत भरपूर होतात. कधी उकडलेल्या अंड्याचा कण.

कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला देऊ नये. ते त्याला विषारी असते. शिजवलेले हाडही देऊ नये, त्याच्या कपच्या घशात रुततात.

टिक् कशासाठी?

हे मलाही आधी समजले नव्हते, म्हणून मी डॉक्टरसाहेबांना विचारले. ते म्हणाले, “तू खिशातून भाकर काढेपर्यंत कुत्रं दुसरंच काही करते. मग त्याला वाटते, दुसऱ्या गोष्टीची भाकर मिळाली.” समजा कुत्र्याने बोंडाला नाक लावले, मग मागे वळून भुंकले, आणि तेव्हा आपण भाकर दिली. तर तो भुंकायला शिकेल. म्हणून नाक लागले त्याच क्षणी टिक् वाजवायचे. टिक् म्हणजे “हेच बरोबर, भाकर येत आहे” असा निरोप. शाळेची घंटा वाजली की पोट्टे दप्तर भरतात, तसेच.

रशियात पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते. तेव्हा त्यांना दिसले की खाणे समोर यायच्या आधीच, खाणे देणारा माणूस आला की कुत्र्यांच्या तोंडाला लाळ सुटते. म्हणजे कुत्रा एका गोष्टीवरून दुसरी गोष्ट ओळखतो. नंतर अमेरिकेत स्किनर नावाचे शास्त्रज्ञ झाले. त्यांनी १९५१ साली एका मासिकात लेख लिहून सांगितले की टिक् वाजणारे खेळणे आणि थोडे खाणे घेऊन कोणीही आपला कुत्रा घरी शिकवू शकतो.

करेन प्रायर या बाईंनी हवाई बेटावर डॉल्फिन शिकवले. डॉल्फिनला दोर लावता येत नाही आणि काठीही मारता येत नाही. रागावले तर तो पाण्यात दूर निघून जातो. म्हणून त्या शिट्टी वाजवत आणि मासा देत. मग त्यांनी १९८४ साली पुस्तक लिहून सांगितले की हीच रीत कुत्र्याला आणि माणसालाही चालते.

आमच्या आबाजींना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, “आपल्या गवळाऊ गाईले कोणी टिक् शिकवलं? ढेपीचं टोपलं वाजलं का येतेच ना ते पयत!” मला वाटते, आबाजींनी जे सांगितले तेच पावलोव्ह यांनी सांगितले. फक्त आबाजींना पारितोषिक मिळाले नाही.

कृती

पायरी १. भीती काढणे.
काठी हातात घेऊ नये. अंगणात जमिनीवर ठेवावी आणि तिच्या आजूबाजूला भाकरीचे तुकडे टाकून आपण दूर बसावे. कुत्रा आधी लांबूनच मान लांबवेल. खाऊ द्यावे. बोलू नये. रोज तुकडे काठीच्या जवळ जवळ टाकावे. ज्याने मार खाल्लेला आहे त्याला या पायरीला जास्त दिवस लागतात. घाई करू नये.

पायरी २. टिक् शिकवणे.
काठी बाजूला ठेवावी. टिक् वाजवावे, लगेच तुकडा द्यावा. पुन्हा टिक्, पुन्हा तुकडा. असे दहा-पंधरा वेळा करावे. मग कुत्रा दुसरीकडे पाहत असताना टिक् वाजवावे. त्याने झटकन मान वळवली म्हणजे त्याला टिक् समजले.

पायरी ३. नाक लावणे.
आता बोंड त्याच्या नाकापासून चार बोटे दूर धरावे. नाकावर आपटू नये. कुत्रा नवीन वस्तू दिसली की हुंगतोच. हुंगायला नाक लागले की टिक्, आणि दुसऱ्या हाताने तुकडा. काठी पाठीमागे लपवावी. पुन्हा पुढे आणावी. लपवली नाही तर ती सारखी समोर राहून शिळी होते, मग तो तिच्याकडे पाहत नाही.

पायरी ४. चालवणे.
बोंड एक पाऊल दूर धरावे, मग दोन पावले. मग डावीकडे, उजवीकडे, खाली, वर. मग काठी धरून आपण चालावे, तो मागे मागे येतो. मोती पहिल्या दिवशी ओट्यापासून तुळशीपर्यंत आला. मग फाटकापर्यंत. मग हापशीपर्यंत. गळ्यात दोर होता, पण तो ओढावा लागला नाही.

पायरी ५. थांबणे.
जमिनीवर रिकामे पोते अंथरावे. काठीने कुत्र्याला पोत्यावर आणावे आणि बोंड स्थिर धरावे. नाक लावून तो एक आकडा म्हणेपर्यंत थांबला की टिक्. मग दोन आकडे, मग तीन. दहापर्यंत न्यावे. मधेच त्याने नाक काढले तर रागावू नये. परत कमी आकड्यापासून सुरू करावे. आता “नाक लाव” हा शब्द जोडावा.

पायरी ६. हात लावू देणे.
ही पायरी दोघांनी करावी. एकाने काठी धरावी. दुसऱ्या मोठ्या माणसाने पाठीवर हात ठेवावा. टिक्, तुकडा. मग मानेची कातडी हळूच चिमटीत धरावी. टिक्, तुकडा. मग झाकण लावलेला पेन सुईसारखा हलकेच टेकवावा. टिक्, तुकडा. कुत्र्याने बोंडावरून नाक काढले तर हात लगेच काढावा. नाक काढणे म्हणजे “आता नको” असे तो सांगतो. आपण त्याचे ऐकले की तो आपले ऐकतो.

हे सगळे कशासाठी?

तुम्ही म्हणाल, नाक लावून काय मिळते? याचे उत्तर असे.

मोती हा आमचा गावठी कुत्रा आहे. बाबा रातच्याला वावरात जागलीला जातात तेव्हा तो सोबत असतो. रानडुकरे आणि रोही आले की तो भुंकून उठवतो. मोती नसला तर बाबांना रात्रभर डोळा लावता येत नाही. दिवसा माझी लहान बहीण त्याच्या अंगावर लोळते.

मागच्या साली गावात कुत्र्यांना रेबीजची सुई टोचायची होती. मोतीला दोर लावून ओढत नेले. त्याने जमिनीत नखे रोवली, गुरगुरला, आणि दोर तोडून पळाला. दोन दिवस घरी आला नाही. सुई राहून गेली. मग आई म्हणाली, “सुई नाही तर मोती घरात नाही. घरात लहान लेकरू आहे.” बाबा काहीच बोलले नाहीत, कारण आईचे बरोबर होते. मला पण समजत होते की बरोबर आहे. तरी मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

आईचे बरोबर का होते, ते सांगतो. रेबीज हा रोग पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून होतो. आपल्या देशात तो बहुतेक कुत्रा चावल्याने होतो. एकदा रोगाची लक्षणे दिसली की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. पण चावल्याबरोबर लस घेतली तर माणूस वाचतो. ही लस फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी शोधली. ६ जुलै १८८५ रोजी त्यांनी ती जोसेफ माइस्टर या मुलाला दिली. तो नऊ वर्षांचा होता. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चावले होते. तो वाचला. तो माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान होता.

माणसाला चावल्यावर लस द्यावी लागते. पण कुत्र्यालाच आधी लस दिली तर त्याला रोग होत नाही आणि त्याच्यापासून आपल्यालाही होत नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, दरवर्षी.

म्हणून आम्ही बोंडकाठी केली. घरी पाचवी-सहावी पायरी पक्की झाल्यावर मोतीला नुसतेच दवाखान्यात नेले. सुई नाही, काही नाही. दारात नाक लावले, भाकर खाल्ली, परत आलो. असे दोनदा केले. तिसऱ्या वेळी घरचे पोते सोबत नेले आणि तिथे अंथरले. मी बोंड धरले. मोतीने नाक लावले. मी मनात एक, दोन, तीन म्हणत होतो. बाबांनी मान धरली होती. सहा म्हणेपर्यंत डॉक्टरसाहेब म्हणाले, “झालं.” मोतीने नाक काढलेच नाही! त्या दिवशी त्याला एक अख्खे अंडे दिले. आता मोती घरातच आहे आणि रातच्याला जागलीला जातो.

मोठी कामे करणारे कुत्रे

मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोट झाले. तेव्हा मुंबई पोलिसांजवळ जंजीर नावाचा लॅब्राडोर कुत्रा होता. त्याचे शिक्षण पुण्याला झाले होते. त्याने वास घेऊन ३,३२९ किलो आर.डी.एक्स. शोधून दिले. म्हणजे ३३ क्विंटलच्या वर. शिवाय २४९ हातबॉम्ब शोधले. त्याच्यामुळे हजारो माणसांचा जीव वाचला. तो १६ नोव्हेंबर २००० रोजी वारला. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याला वास आला की हात-तोंड न लावता शांत बसायला शिकवतात. वास सापडला की त्याला खाऊ किंवा चेंडू मिळतो. मारून असे काम शिकवता येत नाही. भ्यालेला कुत्रा हुंगत नाही, तो पळायची जागा पाहतो.

काही अडले तर

• कुत्रा बोंड चावतो : नाक जवळ येताच, तोंड उघडायच्या आधी टिक् वाजवावे.
• हुंगतच नाही : बोंडावर भाकर घासावी. तरी नाही तर पहिल्या पायरीवर परत जावे.
• लक्ष देत नाही : पोट भरले असेल. जेवणाच्या आधी शिकवावे. आणि खाऊ दिला तेवढी भाकर जेवणातून कमी करावी, नाही तर तो लठ्ठ होतो.
• धापा टाकतो : ऊन झाले. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी जमीन तव्यासारखी तापते, कुत्र्याचे तळवे भाजतात. सकाळी किंवा दिवस मावळताना शिकवावे.
• कंटाळतो : एका वेळी चार-पाच मिनिटेच शिकवावे. त्याला अजून पाहिजे असते तेव्हाच थांबावे. मग उद्या तो स्वतः येतो.
• घाबरतो : दहा पोट्टे गोळा होऊन ओरडत असतील. एकानेच शिकवावे, बाकीच्यांनी गुपचूप बसावे.

काळजी

१) आपल्या घरच्या, ओळखीच्या कुत्र्यालाच शिकवावे. गल्लीतल्या अनोळखी कुत्र्याला नाही. सोबत मोठे माणूस असावे.
२) कुत्रा जेवताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याच्या जवळ जाऊ नये.
३) बोंडकाठीने कधीही मारू नये, धमकावू नये. एकदा मारले की ती साधी काठी झाली. मग सगळे पहिल्यापासून.
४) ज्या दिवशी आपल्याला राग आला असेल त्या दिवशी शिकवू नये.
५) कुत्रा चावला किंवा नख लागले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद लावू नये. घरी लगेच सांगावे, मार बसेल म्हणून लपवू नये. सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तितक्या सगळ्या सुया घ्याव्या. मधेच सोडू नये.

संत नामदेवांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते काठी घेऊन नाही, तर तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी भाकर खाऊ नको म्हणाले. आपण संत नाही. पण भाकरीचा एक तुकडा तर आपल्याजवळ असतोच.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्याच तारखेला १८९५ साली लुई पाश्चर वारले होते. त्या दिवसापर्यंत आपल्या चौथीतल्या सगळ्यांच्या घरच्या कुत्र्यांना सुई टोचून झाली पाहिजे. ज्यांचा कुत्रा भितो त्यांनी आजच पहिली पायरी सुरू करावी, म्हणजे वेळ पुरेल. नमुन्याची एक बोंडकाठी वर्गात फळ्याच्या बाजूला टांगली आहे. ती पाहून तशीच बनवा. पण तिने कोणी कोंबड्या हाकलू नका.

— इयत्ता चौथी